दाखवायचं घर

वस्तीतल्या प्रत्येक भिंतीला चुनेवालीचा हात लागला होता. लागला नव्हता तो फक्त तिच्या स्वतःच्या भिंतीला.

डोंगर चढता चढता रस्ता जिथे दमून बसतो, तिथे ही वस्ती. वस्तीच्या खाली माळ आणि माळावर चुन्याची भट्टी. पांढरा दगड भट्टीत भाजायचा, त्याची कळी निघायची, ती पाण्यात टाकली की पाणी फसफसून उकळायचं आणि निवल्यावर खाली लोण्यासारखा चुना बसायचा. नवरा होता तोवर तो भट्टीवर राबायचा आणि ती भिंती करायची. धुराने त्याची छाती पोखरली. तो गेल्यावर कळीचं पोतंही तिच्याच पाठीवर आलं. पाठीवर पोतं, कमरेला थापी, हातात कुंचा. बोटांच्या पेरांना कायमच्या भेगा, आणि भुवयांवर बारा महिने पांढरी भुकटी. ती तरुण असतानाच लोक तिला म्हातारी म्हणून चिडवायचे.

पण तिचं काम! चुन्यात ती निळीचा एवढासा थेंब टाकायची, आणि तो किती टाकायचा हे कुणाला विचारून कळण्यासारखं नव्हतं. सकाळचं ऊन तिने केलेल्या भिंतीवर आलं की वस्तीतली कोंबडीसुद्धा अंगणात थबकून बघायची. वाईट काम तिच्या हाताला येतच नव्हतं. गोठ्याची भिंत असली तरी ती देवघरासारखी घोटायची, आणि मालक म्हणायचा, "अगं बस कर, बैल काही आरसा बघणार नाहीत."

तिचं स्वतःचं घर मात्र उघड्या दगडांचं. दगडांच्या फटींत माती, मातीवर चुलीच्या धुराचा काळा थर, दाराच्या उजव्या हाताला वरपासून खालपर्यंत गेलेली भेग, आणि एका बाजूला कललेलं गवताचं छप्पर. लोक विचारायचे, "चुनेवाली, तुझ्या भिंतीचा नंबर कधी?"

"मजुरी देणारा मालक भेटला की," ती म्हणायची.

घरात माणसं तीन. ती, तिची मुलगी आणि सासरे. सासऱ्यांचं आयुष्य दगडाच्या खाणीत गेलं होतं. कंबर मोडल्यापासून ते दाराच्या आतल्या खाटेवर असत आणि तिथून येणाऱ्याजाणाऱ्याला बोल लावत. मुलगी एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

शहरातली एक संस्था दरवर्षी वस्तीतल्या एका मुलाचं शिक्षण उचलायची. खालच्या मोठ्या गावात राहून शिकायची शाळा होती. तिथली राहण्याजेवण्याची सोय, पुस्तकं, कपडे, सगळं संस्थेच्या अंगावर. एकेका मुलामागे शहरातला एकेक दाता असायचा. त्याला मुलाचा फोटो पाठवायचे, घराच्या दारात उभा असलेला. त्याआधी संस्थेची पाहणी करणारी माणसं वर यायची. ती मुलाशी बोलायची, मार्क विचारायची, पण डोळे मात्र छपराकडे असायचे. घर बघून गरज ठरायची.

पहिल्या वर्षी गवंड्याच्या थोरल्याचं नाव होतं. गवंडी परांचीवरून पडून अंथरुणाला खिळलेला, घरात मिळवतं माणूस नाही. पण त्याच्या मेहुण्याने नुकतेच छपरावर नवे पत्रे टाकून दिले होते. उन्हात ते असे चमकत होते की पाहणीवाल्यांनी डोळ्यांवर हात धरला. "पत्र्याचं घर आहे की तुमचं," ते म्हणाले आणि निघून गेले. पत्र्याखाली शिजायला काही नव्हतं, ते कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या वर्षी पाहणी जवळ आली तेव्हा शाळेच्या ओट्यावर चारचौघं जमली होती. मास्तर कपाळाला हात लावून बसले होते. "पोरगं हुशार आहे हो, पण ते पत्रे कुठे लपवू?"

चुनेवाली शाळेचीच भिंत करत होती. कुंचा न थांबवता ती म्हणाली, "आमचं घर दाखवा की, मास्तर. ते बघून दगडाला पाझर फुटेल."

सगळे हसले. आणि मग एकेक करून हसायचे थांबले.

त्या वर्षी पाहणीच्या दिवशी चुनेवालीच्या चुलीपाशी गवंड्याची बायको बसली, दारात गवंड्याचा थोरला उभा राहिला, आणि खाटेवर सासरे त्याचे आजोबा झाले. चुनेवाली शेजारीण म्हणून अंगणाबाहेर उभी. सासऱ्यांचा खोकला खराच होता, वेळ तेवढी त्यांनी साधली. पाहणीवाल्यांतली एक पोर तर डोळे पुसत बाहेर आली.

थोरल्याला शाळा मिळाली. त्या संध्याकाळी गवंड्याच्या बायकोने चुनेवालीचे पाय धरले. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "आज या वस्तीला या वहिनींनी शिक्षण दिलं." चुनेवालीला आपण हातभर उंच झाल्यासारखं वाटलं. आयुष्यभर तिने भिंती दिल्या होत्या आणि मजुरी घेतली होती. हे पहिलंच देणं होतं ज्याची मजुरी तिने मागितली नव्हती.

एकदा केलेली गोष्ट दुसऱ्यांदा सोपी जाते आणि तिसऱ्यांदा ती रीत होते. दरवर्षी एक मूल ठरायचं, आणि पाहणीच्या दिवशी चुनेवालीचं बिऱ्हाड सकाळी शेजारी हलायचं. संस्थेत नोकऱ्या टिकत नसाव्यात, दर खेपेला नवीच तरुण माणसं यायची, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. वस्तीत त्या घराला नावच पडलं, दाखवायचं घर. पाहणीची वर्दी आली की सासरे खाटेवरून विचारायचे, "काय मास्तर, यंदा मी कुणाचा आजा?"

"लोहाराच्या मधल्याचा."

"अरे देवा. त्या लोहाराच्या तोंडाचा मुलगा मला झाला म्हणायचं?"

असंच हसतखेळत चाललं होतं. मग चुनेवालीच्या भावाने निरोप धाडला, की पत्रे घेऊन येतो, छप्पर करून टाकू. दुसऱ्या दिवशी मास्तर आणि दुकानदार दारात हजर. दुकानदार म्हणजे वस्तीतलं मोठं माणूस. त्याचं दुकान एकच, पण त्याला विचारल्याशिवाय वस्तीत पान हलत नसे.

"वहिनी, एवढं एक वर्ष कळ काढा," मास्तर म्हणाले. "पाथरवटाच्या मुलाचा नंबर आहे."

तिने कळ काढली. पुढच्या वर्षीही काढली. भावाने पत्रे दुसऱ्याला देऊन टाकले. छप्पर गळायला लागलं की खाट सरकवायची, इतकंच. खाट सरकत सरकत चुलीपर्यंत आली तेव्हा सासरे म्हणाले, "सूनबाई, आता पुढचं गळलं की मला हंड्यात बसव."

एका वर्षी कुंभाराच्या मुलीचा नंबर लागला. ती आली ती इस्त्रीचा फ्रॉक घालून. दुकानदाराने कपाळावर हात मारला. चुनेवालीने भिंगरीला आत बोलावलं, तिच्या अंगातला विटलेला, खांद्याला उसवलेला फ्रॉक काढून कुंभाराच्या मुलीला घातला.

"मग मी काय घालू?" भिंगरीने विचारलं.

"तिचा घाल."

तो अख्खा दिवस भिंगरी इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये शेजारच्या कुंपणावर बसून होती. आपल्याच दारात, आपल्याच फ्रॉकमध्ये दुसऱ्या मुलीचा फोटो काढताना तिने बघितला. संध्याकाळी फ्रॉकांची अदलाबदल झाली. भिंगरी आईला एवढंच म्हणाली, "गरीब व्हायला माझे कपडे लागतात होय तिला?"

चुनेवाली हसली होती तेव्हा. पुढे ते हसू आठवलं की तिचा कुंचा भिंतीवर अर्ध्यातच थांबायचा.

गेलेली मुलं शिकली. कुणी कचेरीत लागलं, कुणी दवाखान्यात. त्यांनी घरी हातभार लावला, आणि वस्तीचं रूप पालटत गेलं. गवतं गेली, पत्रे आले. पत्रे गेले, सिमेंट आलं. घरांना पायऱ्या फुटल्या, खिडक्यांना काचा. ती सगळी घरं चुनेवालीनेच पांढरी केली. आणि मधोमध तिचं ते काळं घर, हसऱ्या तोंडातल्या किडक्या दातासारखं. गवंड्याचा थोरला एकदा शहरातली बायको घेऊन आला. दाखवायच्या घरावरून जाताना बायकोने विचारलं, "हे कुणाचं हो?" चुनेवाली दाराआड चुना चाळत होती. तिला त्याचं उत्तर ऐकू आलं. "असेल कुणाचंतरी."

होता होता भिंगरी वस्तीतल्या शाळेच्या शेवटच्या वर्गात आली. मास्तरांनी कधीच सांगून ठेवलं होतं, "भिंगरीच्या वर्षी भिंगरीच. दुसरं नाव निघणार नाही." वर्गात ती पहिली होती, पण मास्तरांना त्याहून मोठं काहीतरी दिसलं होतं. एखादा धडा कळला नाही तर ती रात्रभर घुश्शात असायची, जसं कुणी तिचं काही घेतलं आहे आणि परत देत नाही. खालच्या शाळेत वयाची अट होती. हे वर्ष चुकलं की दार बंद. चुनेवालीने हिशोब सोपा मांडला होता. घर आपलंच, पोर आपली, आजाही खराच. या वर्षी कुणाला काही नाटक करावं लागणार नाही.

पाहणीच्या आधी मास्तर आणि दुकानदार आले. दोघांनीही चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या दारात कुणी चपला जोडून ठेवत नसे.

"या वेळी पाहणीबरोबर एक दात्री बाई स्वतः येतायत," मास्तर म्हणाले. "कुंभाराच्या मुलीचा खर्च उचलतात त्या."

"येऊ दे की. चहा करू."

"वहिनी, त्यांच्याकडे फोटो आहे. कुंभाराची पोर, तुमच्या दारात. रोज बघतात म्हणे. घर ओळखतील."

"ओळखू दे. माझंच आहे."

"तीच तर भानगड आहे," दुकानदार म्हणाला. "एक फसवणूक निघाली की सगळ्यांचं निघेल. आता शिकतायत त्या सगळ्या पोरांचा पत्ता कट. कुंभाराला आम्ही खाली पाठवतोय दोन दिवस. त्याचं घर पडलं, ते लोक कामाला गेलेत, असं सांगू. पण तुझं घर त्या बाईला दिसता कामा नये."

"मग माझ्या पोरीचं काय दाखवता?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "दुसरं एखादं घर बघ की," दुकानदार म्हणाला. "एवढी वस्ती आहे. तू सगळ्यांना दिलंस, तुला कोण नाही म्हणेल?"

ते तिला पटलं. खरंच, कोण नाही म्हणेल? ती त्याच पावली गवंड्याकडे गेली. गवंड्याच्या बायकोने तिला फरशीवर बसवलं.

"अगं, दिलं असतं गं. पण आमच्या घरात गरिबीसारखं दिसणार काय? ही फरशी कुठे लपवू?"

"मागची गुरांची खोली दे."

"आणि फोटो गेला शहरात, माझ्या सुनेच्या माहेरच्यांनी बघितला, तर? सासू गुरांच्या खोलीत राहते म्हणायचे."

लोहाराच्या घरी मधल्याची सोयरीक चालली होती. लोहार भात्यापाशी बसून मान हलवत म्हणाला, "दुसरं काहीही माग, वहिनी. ऐन सोयरिकीच्या वेळी गरीब ठरणं परवडणार नाही बघ." पाथरवटाचं दार आतून लावलेलं होतं. तिने कडी वाजवली.

"कोण आहे?" पाथरवटाचा आवाज.

"मी चुनेवाली. आहेत का घरात?"

 आतून पाथरवटाचाच आवाज आला, "नाहीत."

ती घरोघर फिरली. ज्या भिंतींना टेकून लोक तिला नाही म्हणत होते त्या भिंतींचा प्रत्येक वीतभर तुकडा तिच्या ओळखीचा होता. गरिबी कुणालाच नको होती, अर्ध्या दिवसापुरतीसुद्धा नको होती. तिच्या घरात येऊन ती सगळ्यांनी वापरली होती आणि जाताना तिथेच ठेवून गेले होते.

परतली तेव्हा सासऱ्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. "काय, नाही मिळालं भाड्याने?"

 ती अंगणात उभी राहून आपल्या भिंतीकडे बघत राहिली. चुनेवालीला माणसांपेक्षा भिंती जास्त कळत. तिच्या लेखी भिंत म्हणजे घराचा चेहरा. फोटोत काय असणार? दार, काळे दगड, ती भेग. एवढंच ना? मग चेहरा बदलला तर घर बदललं. ज्या हातांनी सगळ्या वस्तीचे चेहरे बदलले, ते हात अजून शाबूत होते.

दुसऱ्या सकाळी तिने काजळी खरवडायला घेतली. मायलेकींनी दगड धुतले, फटींतली माती उकरली, भेग चुन्यावाळूने गच्च भरली. भिंगरीने ताग बारीक कातरून दिला, तो गिलाव्यात कालवला. पहिला हात जाड, तो सुकला की दुसरा बारीक, मग नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायचं. भिंगरीच्या नाकावर, केसांत, पापण्यांवर चुना. "आई, मी तुझ्यासारखी दिसते का?" ती विचारायची. "माझ्यासारखी दिसायला अजून पुष्कळ पोती वाहावी लागतील," चुनेवाली म्हणायची, आणि मनात म्हणायची, आता नाही वाहावी लागणार. छपराची कललेली बाजूही दोघींनी नवं गवत घालून सारखी केली. सासऱ्यांनी खाट बाहेर काढायला लावली आणि दिवसभर देखरेख केली. "तिथे राहिलं बघ. नाही, वर. आंधळी झालीस का?"

कित्येक वर्षांत त्या घरात इतकं हसणं झालं नव्हतं.

वरवरची सफेदी करून भागलं असतं. घर ओळखू आलं नाही की पुरे होतं. पण स्वतःची भिंत तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती. तिने निळीचा थेंब टाकला, तो अगदी बरोबर पडला, आणि शेवटचा हात फिरवून ती मागे सरली तेव्हा तिलाच आपलं घर ओळखू आलं नाही.

संध्याकाळी मास्तर आले. भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते शिकलेले होते, पाहणीवाले काय बघतात ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चुनेवालीकडे बघितलं, भिंगरीकडे बघितलं, आणि ओठांवरचं गिळून म्हणाले, "नाही, ओळखू येत नाही." आणि चपला घालून निघून गेले.

दात्री बाई खरंच चांगल्या होत्या, हे सांगायला हवं. वय झालेलं, गुडघे दुखरे, तरी काठी टेकत चढण चढून आल्या होत्या. बरोबर संस्थेची दोन तरुण माणसं, मागे मास्तर, दुकानदार आणि अर्धी वस्ती. अंगणात पाऊल टाकल्याबरोबर बाई थबकल्या.

"अगं बाई! किती सुंदर घर!"

चुनेवालीच्या काळजात आनंदाची कळ उठली. तिने बाईंना पाट दिला, पाणी दिलं. मग पाहुण्यांनी भिंगरीला प्रश्न विचारले, तिने टकाटका उत्तरं दिली, एकदा तर संस्थेच्या माणसालाच उलटा प्रश्न विचारला आणि बाई खळखळून हसल्या. त्यांनी भिंगरीच्या गालावरून हात फिरवला. मग भिंतीवरून फिरवला. मग मास्तरांकडे वळून आवाज खाली आणत म्हणाल्या, पण इतकाही खाली नाही, "मुलगी गोड आहे. पण मास्तर, या लोकांना खरंच गरज आहे का हो? इतकं नीटनेटकं घर. आमच्याकडे एकच जागा असते. ती खऱ्या गरजवंताला जायला नको का?"

"मॅडमचं बरोबर आहे," संस्थेचा माणूस म्हणाला.

बाईंनी पिशवीतून फोन काढला, त्यावर बोट फिरवलं आणि चुनेवालीसमोर धरला. समजूत घालायला, जखम करायला नव्हे. "हे बघा, मी हिला शिकवते. बघा तिचं घर. ती भिंत बघा, ते छप्पर. आता ते पडलंही म्हणे. तुम्हीच सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

चुनेवालीने बघितलं. काळे दगड, वरपासून खाली गेलेली भेग, आणि दारात उसवलेल्या फ्रॉकमधली कुंभाराची पोर.

"बाई," ती म्हणाली, "हे हेच घर आहे."

तिने फोनवरचं बोट उचलून भिंतीकडे नेलं.

"ही भिंत हीच. मी चार दिवसांपूर्वी तिच्यावर चुना चढवला. कुंभाराचं नाही हो हे घर, माझं आहे. सगळ्यांची पोरं याच दारात उभी राहून गेली. मास्तरांना विचारा."

"तो फ्रॉक माझा आहे," भिंगरी हळूच म्हणाली.

बाईंनी फोनकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. दोन्हीत काही म्हणता काही जुळत नव्हतं. "मास्तर?" त्या म्हणाल्या.

मास्तर खाली जमिनीकडे बघत होते. त्यांच्या मागे गवंड्याची बायको होती, लोहार होता, पाथरवट होता. शिकत असलेल्या पोरांचे आईबाप होते. 

"आईचा जीव आहे, बाई," मास्तर म्हणाले. "पोरीसाठी माणूस काय वाटेल ते बोलतो."

तेव्हा खाटेवरून सासरे गरजले, "अहो बाई, मला विचारा! मी आहे ना साक्षीला! मी या सगळ्यांचा आजा आहे! त्या कुंभाराच्या पोरीचा आजा, लोहाराच्या पोराचा आजा, या सगळ्यांचा!"

कुणीतरी फिसकन हसलं. बाई म्हाताऱ्याकडे बघून मायेने हसल्या. "हो आजोबा. तुम्ही सगळ्यांचेच आजोबा."

चुनेवालीने थापी उचलली आणि भिंतीवर घातली. तिच्या हातचा गिलावा, सहजी निघणारा नव्हता. तिने दोन्ही हातांनी ओरबाडला, ढेपळं पडली, भिंगरी ओरडली, बाई काठी सावरत मागे सरल्या. "बघा! बघा खाली काय आहे!"

खाली दगड निघाला. धुतलेला, खरवडलेला, स्वच्छ दगड. काजळी तिने स्वतः काढली होती, भेग स्वतः भरली होती. कुठल्याही घराच्या कुठल्याही भिंतीखाली निघतो तसला तो दगड होता. थापी हातात धरून ती त्या दगडाकडे बघत राहिली.

बाई जवळ आल्या. त्यांनी चुनेवालीच्या दंडाला हात लावला, अगदी मऊ हात. "तुमची तळमळ मला कळते हो," त्या म्हणाल्या. "पण खोटं बोलून मुलीचं भलं नाही होत."

मग त्यांनी दुसरं कुणी गरजू मूल आहे का म्हणून विचारलं. दुकानदार पुढे झाला. होतं. खाली भट्टीच्या माळावर अवजारं ठेवायचं एक खोपटं होतं, तिथे एका मुलाची आई चूल पेटवून बसली होती. तो दुकानदाराच्या बहिणीचा मुलगा. खोपटं कित्येक महिने रिकामंच होतं. चुनेवाली घरोघर फिरली तेव्हा ते तिला कुणी सुचवलं नव्हतं.

ती जागा त्या मुलाला गेली.

त्यानंतर वस्तीने चुनेवालीला वाळीत टाकलं असं म्हणता येणार नाही. लोक बोलत होते. फक्त भिंतीला हात मारायचा झाला की खालच्या गावातून माणूस आणत होते. नळावर बायका म्हणायच्या, "सगळ्यांच्या पोरांच्या ताटात माती कालवायला निघाली होती." गवंड्याची बायको म्हणायची, "इतकी वर्षं आपण तिला मान दिला." चुनेवाली कळीचं पोतं घेऊन आणखी वरच्या वस्त्यांवर जाऊ लागली, पाठोपाठ भिंगरी. भिंगरीचा हात कामात बसत नव्हता. ती चुना कालवायची तेव्हा गुठळ्या राहायच्या आणि ती गुठळ्यांकडे बघतही नसे. एका जागी बसायला मात्र ती शिकली होती.

पुढची पाहणी जवळ आली आणि एका सकाळी दुकानदार आला. भट्टीचं खोपटं मध्ये आलेल्या वादळात उडालं होतं. त्याने इकडच्यातिकडच्या गोष्टी केल्या, सासऱ्यांची तब्येत विचारली, मग खरवडलेल्या भिंतीकडे बोट केलं.

"अर्धा चुना तू काढलाच आहेस, वहिनी. उरलेला तेवढा काढून टाक. दोनचार महिने चूल दारात पेटव, धूर बसेल. सुताराच्या मुलाचा नंबर आहे या खेपेला. गरीब आहे बिचारा. झालं गेलं विसरून जाऊ. आणि भिंगरीचंही बघू की आपण."

"माझं वय गेलं, काका," आतून भिंगरीचा आवाज आला.

दुकानदार खाकरला. चुनेवाली उठली. तिने निवलेल्या चुन्याची आणि पाण्याची अशा दोन बादल्या बाहेर आणल्या, पाण्यात कुंचा बुडवला, आणि दुकानदार उभा होता तिथेच, त्याच्या खांद्यावरून, उघड्या दगडांवर पाण्याचा पहिला शिपका मारला. त्याच्या सदऱ्यावर शिंतोडे उडाले. "अगं, अगं," करत तो अंगणाबाहेर झाला आणि कुंपणापलीकडून म्हणाला, "हे बरं नाही केलंस. सुताराच्या पोराचे तळतळाट लागतील तुला." ते त्याने मनापासूनच म्हटलं असावं.

ती दगड भिजवत राहिली. भिंगरी दारात येऊन उभी राहिली होती. चौकटीला डोकं टेकून ती आईचं काम बघत होती. दुसरा कुंचा पायाशी पडला होता, तो तिने उचलला नाही.

"घर काळंच ठेवायचं होतंस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो केव्हाच संपला होता. "ओळखलं असतं तर ओळखलं असतं त्या बाईंनी. सगळी पोरं परत आली असती. मी एकटी तरी मागे राहिले नसते."

चुनेवालीचा हात थांबला. वळून तिने भिंगरीकडे बघितलं. भिजवलेला दगड उन्हात सुकायला लागला होता. सुकला की गिलावा धरत नाही. तिने थापीवर चुना घेतला आणि पुढचा हात मारला.